७ आयर्न नक्की किती जातं? गोल्फच्या शॉट-ट्रॅकिंग सेन्सरबद्दल थोडं सविस्तर

कुठल्याही गोल्फ खेळणाऱ्याला विचारून बघा, तुझं ७ आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी) किती जातं. उत्तर लगेच येतं आणि गोल आकड्यात येतं, १५० यार्ड. १४३ कोणी म्हणत नाही. आणि हा १५० आला कुठून म्हणाल तर कधीतरी मागून वारा होता, फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) सुकून कडक झालेला, फटका अगदी मधोमध बसला आणि १५०च्या खुणेपासून बॉल थेट ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक गवतावर) जाऊन पडला, तो दिवस डोक्यात पक्का बसलाय. त्यानंतरचे दोनशे फटके जे तोकडे पडले ते हिशोबात धरलेच नाहीत, कारण ते "नीट लागले नव्हते" ना.

मीही १५०वालाच. सेन्सर लावले, दहा-बारा राउंड खेळलो आणि ॲप म्हणालं १३७ यार्ड. पहिल्यांदा वाटलं यंत्रातच काहीतरी गडबड आहे. मग रात्री बसून एकेक फटका नकाशावर उघडून बघितला, हा त्या मोठ्या झाडाजवळून मारलेला, हा तिसऱ्या होलवर बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अलीकडे पडलेला, सगळे आठवत होते आणि सगळे बरोबर होते. चूक माझ्या डोक्यातल्या आकड्याची होती.

तर प्रश्न असा की हे सेन्सर घ्यावेत का. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील: राउंड झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसून आकडे दुरुस्त करायची तयारी असेल आणि डोक्यात एखादा ठरावीक प्रश्न असेल तर घ्या, नुसतं लावलं की खेळ सुधारेल असं वाटत असेल तर राहू द्या. आता हे असं का म्हणतोय ते समजायला ही वस्तू आतून काम कशी करते ते बघावं लागेल, कारण तिच्या सगळ्या खोड्या तिथूनच येतात.

क्लबच्या ग्रिपच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रूसारखा फिरवून बसवायचा एक छोटा तुकडा म्हणजे सेन्सर. पाहिजे तर चौदाच्या चौदा क्लबना लावता येतो (नियमाने बॅगेत १४च चालतात). एक फटका नोंदवायला यंत्रणेला तीन गोष्टी कळाव्या लागतात, हातात कुठला क्लब आहे, तुम्ही कुठे उभे आहात, आणि खरंच मारलंत का. या तिन्हींची उत्तरं काढायची प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. आर्कोसच्या सेन्सरमध्ये प्रकाश ओळखणारा भाग असतो, क्लब बॅगेत उलटा असतो म्हणजे ग्रिप खाली अंधारात, बाहेर काढला की उजेड लागतो आणि सेन्सर जागा होतो, मग बॉलला लागल्याचा आवाज फोनचा माइक किंवा कमरेला अडकवायचं एक छोटं यंत्र ऐकतं. शॉट स्कोपच्या टॅगमध्ये बॅटरीच नसते, हातातलं घड्याळ जवळचा टॅग ओळखतं आणि स्विंग झाला की नाही तेही घड्याळच ठरवतं. गार्मिनचे सीटी१० नावाचे सेन्सर आहेत, त्यांना त्याच कंपनीचं जुळणारं घड्याळ किंवा तसं यंत्र लागतं. आणि सुरुवातीच्या काळात गेम गोल्फ नावाची यंत्रणा आली होती तिच्यात प्रत्येक फटक्याआधी क्लबचं टोक कमरेच्या यंत्राला टेकवावं लागायचं. कल्पना साधी, चुका कमी, फक्त तो टेकवायचा लक्षात राहिला पाहिजे, आणि दोन फटके सलग खराब गेले की माणसाला स्वतःचं नाव लक्षात राहत नाही तिथे हे कुठून राहणार.

जागा कळते ती जीपीएसवरून. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, विकत घेताना कोणी मुद्दाम सांगत नाही. सेन्सर बॉल बघतच नाही. बॉल कुठे उडाला, किती उंच गेला, कुठे टप्पा पडला, यातलं त्याला काहीही माहीत नसतं. त्याला माहीत असतं एवढंच की तुम्ही इथे एकदा मारलंत, आणि मग तिथे उभं राहून पुन्हा मारलंत. या दोन जागांमधली सरळ रेषा म्हणजे तुमचा फटका. बस. बॉल झाडाच्या बुंध्याला आपटून मागे आला तरी त्याच्या दृष्टीने तुम्ही ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) ९० यार्ड मारलेत. बॉल पाण्यात गेला आणि तुम्ही अलीकडे ड्रॉप घेतलात (हाताने बॉल टाकून तिथून खेळलात) तर तो ड्रॉपची जागा धरतो, पेनल्टी म्हणजे दंडाचा फटका तुम्ही स्वतः टाकायचा. बॉल हरवला, मागे जाऊन दुसरा मारला, हेही हाताने. ट्रॅकमॅनसारखी रडारवाली यंत्रं असतात ती बॉलचा उडता प्रवास मोजतात, ती जात वेगळी, त्यांच्याशी याची तुलना करू नये.

याच्यातूनच दुसरी गोष्ट येते. सेन्सरचं अंतर म्हणजे एकूण अंतर, उडालेलं अधिक घरंगळलेलं. १३७ यार्डातले हवेतले किती आणि जमिनीवरचे किती हे तो वेगळं करून सांगू शकत नाही. मोकळ्या फेअरवेवर फरक पडत नाही, पण समोर १३० यार्डांपर्यंत पाणी असेल आणि तुम्ही ॲपच्या भरवशावर ७ काढलंत तर बॉल १२८वर टप्पा घ्यायला जातो आणि तिथे पाणी असतं. पाण्यावरून मारताना मी अजूनही ॲपच्या आकड्यातून मनाने थोडे यार्ड कापतो, ते किती कापायचे ते ॲप सांगत नाही, तो अंदाज आपलाच.

आता भुतांबद्दल. भूत म्हणजे जे फटके तुम्ही मारलेच नाहीत पण नोंदले गेले. सरावाचा स्विंग घेताना क्लब जमिनीला जोरात लागला, झाला फटका. एकदा माझ्या कार्डावर एका होलचे ६ होते आणि ॲपवर ८. नकाशा उघडला तर टी बॉक्सच्या (होलचा पहिला फटका मारायच्या जागेच्या) मागे सँड वेजचे (वाळूतून, जवळून मारायच्या क्लबचे) दोन फटके, अंतर शून्य आणि दोन यार्ड. बराच वेळ कळेना, मग आठवलं, पावसानंतरचा चिखल बुटाला चिकटला होता तो मी वेजने ठोकून काढत होतो. यंत्राच्या मते मी टीच्या मागे उभं राहून दोन चिप मारल्या होत्या.

उलटंही होतं, खरा फटका निसटतो. ग्रीनच्या कडेची हळूच मारलेली चिप, होलपासून वीतभर अंतरावरचा पट (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायचा फटका) जो आपण चालता चालता एका हाताने ढकलतो, हे आवाजालाही बारीक आणि हालचालीलाही बारीक, त्यामुळे यंत्राला कळत नाही. आणि एक फटका निसटला की नुकसान एकाचंच होत नाही, मागचा फटका पुढच्याला जोडला जातो म्हणजे दोन चुकतात. म्हणून राउंड झाल्यावर कार्ड समोर घेऊन प्रत्येक होलचा आकडा जुळवायचा, हे काम टाळता येत नाही. सुरुवातीला मला अर्धा तास लागायचा, आता दहा मिनिटं. पण घरी आल्यावर अंघोळ करून झोपायचं असतं तेव्हा दहा मिनिटंही जड जातात हे खरं आहे, आणि बहुतेकांचे सेन्सर इथेच बंद पडतात, बॅटरीने नाही, कंटाळ्याने.

बरं मग एवढं करून मिळतं काय? अंतरं मिळतात हे झालंच. पण त्यातही नुसती सरासरी बघू नका. माझ्या ७ आयर्नचे फटके पसरून बघितले तर बरेचसे १२८ ते १४४ मध्ये होते, पलीकडे जेमतेम दोन-तीन आणि अलीकडे मात्र लांब शेपूट, १२०, ११०, एक तर ७०. असं का, तर लांब जायला फटका क्लबच्या बरोबर मध्यावर बसावा लागतो, टोकाला बसला तर वेग जातो, टाचेकडे बसला तर जातो, आधी जमीन लागली तर जातोच जातो. चुकायचे दहा रस्ते आहेत आणि त्यातले जवळपास सगळे तोकड्याकडे जातात. रफमधून (फेअरवेबाहेरच्या लांब गवतातून) कधी बॉल जास्त उडतो किंवा वारा मागून असतो तेवढाच काय तो अपवाद. म्हणजे तुम्ही झेंड्याच्या (तो होलमध्ये रोवलेला असतो) अंतराला "माझा सगळ्यात भारी फटका" जुळवून क्लब काढलात तर बाकीचे सगळे अलीकडेच पडणार, आणि ग्रीनच्या अलीकडे बंकर मांडून ठेवायची कोर्स बनवणाऱ्यांना फार हौस असते. काही ॲप्स फसलेले फटके गाळून एक "चांगला" आकडा दाखवतात, तो दिसायला छान असतो, क्लब निवडताना मात्र त्या शेपटाकडेही बघावं. मी एवढंच केलं की १५० उरले की ७ ऐवजी ५ काढायला लागलो. लाज वाटायची पहिले काही दिवस, बरोबरच्यांनी चिडवलंही, पण बॉल ग्रीनवर राहायला लागला.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे स्ट्रोक्स गेन्ड. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, हिशोब वजाबाकीचा आहे. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हे मांडलं, पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) शॉटलिंक नावाची यंत्रणा प्रत्येक फटका मोजून ठेवते त्या आकड्यांवर, आणि टूरने २०११ पासून आधी पटिंगसाठी ते अधिकृतपणे वापरायला सुरुवात केली. मूळ कल्पना अशी: प्रत्येक जागेवरून बॉल होलमध्ये घालायला टूरच्या खेळाडूला सरासरी किती फटके लागतात हे काढून ठेवायचं. ४०० यार्डांच्या होलच्या टीवरून ३.९९. फेअरवेवर २०० यार्ड उरले असतील तर ३.१९, ४० यार्ड उरले असतील तर २.६०. ग्रीनवर २० फुटांवरून १.८७. ८ फुटांवरून १.५०, म्हणजे ८ फुटांचा पट टूरवालेसुद्धा साधारण निम्म्या वेळाच घालतात, हे मला कळलं तेव्हा अर्धा अपराधीपणा तिथेच गेला.

आता एक होल खेळू. ४०० यार्ड, पार ४ (म्हणजे चार फटक्यांत व्हावं असं धरलेलं). ड्राइव्ह २०० यार्ड गेला, फेअरवेवर. आधी ३.९९ लागणार होते, आता ३.१९ लागणार, म्हणजे परिस्थिती ०.८०ने सुधारली पण त्यासाठी एक फटका खर्च झाला, तर हिशोब उणे ०.२०. दुसरा फटका फेअरवे वूडने, थोडा जमिनीत, ग्रीनच्या अलीकडे ४० यार्ड उरले. ३.१९ वरून २.६०, एक फटका खर्च, उणे ०.४१. तिसरा पिच (जवळून उंच उडवलेला फटका), झेंड्यापासून २० फूट. २.६० वरून १.८७, उणे ०.२७. मग दोन पट, १.८७ लागायचे होते दोन लागले, उणे ०.१३. बेरीज करा, उणे १.०१. आणि कार्डावर ५ लिहिलेले, म्हणजे ३.९९ पेक्षा बरोबर १.०१ जास्त. हिशोब मिळाला.

आता या होलनंतर तुम्ही पुढच्या टीकडे चालत जाताना काय म्हणाल? "छे, तो पट घालायला पाहिजे होता." किंवा "पिच फारच लांब राहिली." मनात शेवटचा फटका ताजा असतो. आकडे म्हणतात सगळ्यात जास्त गेलं दुसऱ्या फटक्यात, ज्याच्याबद्दल तुम्ही "ठीक होता, पुढे गेला" एवढंच म्हणाला होतात, आणि पटमध्ये गेलं सगळ्यात कमी. एका होलचं ठीक आहे हो, पण वीस राउंडमध्ये हेच दिसायला लागलं की मग सराव कशाचा करायचा हे बदलतं.

ब्रॉडींच्या आकड्यांमधून निघालेली गाजलेली गोष्टही हीच. टूरवरचे अव्वल खेळाडू बाकीच्यांपेक्षा जे पुढे असतात त्यातला साधारण दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो, ड्राइव्ह आणि ग्रीनकडे मारलेले लांब फटके, आणि पटिंगचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. हौशी खेळाडूंच्या आकड्यांतही चित्र साधारण तसंच निघालं. आपण ऐकत आलो ते नेमकं उलटं होतं की पटिंगमध्येच सगळा खेळ आहे. पण म्हणून तुमचंही तसंच असेल असं नाही, आणि सेन्सरचा खरा उपयोग हाच की सगळ्यांचं काय ते जाऊ दे, तुमचं काय ते कळतं. माझ्या ओळखीच्या एकाचं बरोबर उलट निघालं, ड्राइव्ह त्याचे त्याच्या हँडिकॅपच्या (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याच्या) मानाने उत्तम, फटके वाया जातात ते बंकरमध्ये, एकदा बंकरमध्ये गेला की दोनदा मारल्याशिवाय बाहेर येत नव्हता आणि तो मात्र नवा ड्रायव्हर घ्यायच्या विचारात होता.

हां, एक सेटिंग आठवणीने बदला. तुलना टूरच्या खेळाडूंशी ठेवलीत तर सगळंच उणे दिसणार आणि रोज वाईट वाटणार, उपयोग शून्य. बऱ्याच ॲपमध्ये कुठल्या हँडिकॅपशी तुलना करायची ते निवडता येतं, आपण जिथे आहोत त्याच्या थोडं वरचं निवडायचं.

आता या सगळ्यातली सगळ्यात कच्ची वीट. ग्रीन.

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतं. ५ मीटर म्हणजे १६ फूट. फेअरवेवर १३७ ऐवजी १४० दिसलं तर काय बिघडलं. पण ग्रीनवर तुम्ही २० फुटांवर आहात की ८ फुटांवर हे त्याला कळूच शकत नाही, चूकच पटाच्या अंतराएवढी आहे. शिवाय झेंडा रोज वेगळ्या ठिकाणी असतो, तो कुठे आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत तर ॲप आपलं अंदाजाने काहीतरी धरून चालतं.

वरचंच होल घ्या. तुम्ही खरे होतात २० फुटांवर, ॲपला वाटलं ८ फुटांवर. मग पिचचा हिशोब काय होईल, २.६० वजा १.५० वजा १, म्हणजे अधिक ०.१०, वा, मस्त पिच. आणि पटचा हिशोब १.५० वजा २, उणे ०.५०, पटिंग भयंकर. या दोन्हींची बेरीज तीच राहिली, उणे ०.४०, कारण एकूण फटके तर तेवढेच आहेत, पण ०.३७ इकडचे तिकडे गेले. बारा फुटांच्या चुकीने तुमची खराब पिच चांगली झाली आणि बऱ्यापैकी पटिंग वाईट झालं. असं अठरा होलवर प्रत्येक वेळी इकडेतिकडे होत राहिलं तर ॲप तुम्हाला अगदी आत्मविश्वासाने दोन दशांश स्थळांपर्यंत चुकीचा सल्ला देईल. मी पहिले सहा राउंड झेंडा नीट लावतच नव्हतो आणि महिनाभर पटिंगचा सराव करत बसलो, तो महिना गेला तो गेला.

उपाय आहे आणि सोपा आहे. काही घड्याळांमध्ये होलपाशी उभं राहून बटण दाबायचं असतं, किती पट झाले तेही तिथेच टाकायचं, ती सवय लावून घ्या, किंवा मग घरी बसून नकाशावर झेंडा सरकवा. पहिल्या पटचं अंतर मात्र मी पावलांनी मोजतो आणि लक्षात ठेवतो, माझं एक पाऊल जवळपास ३ फूट पडतं. ७ पावलं म्हणजे २१ फूट. एवढ्याने ग्रीनचे आकडे विश्वास ठेवण्यासारखे होतात.

किती राउंड झाल्यावर विश्वास ठेवायचा हा पुढचा प्रश्न. एका राउंडमध्ये ७ आयर्न निघतं तीन-चार वेळा. पाच राउंड म्हणजे पंधरा-वीस फटके, त्यातले चार रफमधून, दोन चढावर, एक समोरच्या वाऱ्यात, उरले किती? आणि पटिंग तर नशिबाने फारच हेलकावे खातं, एखाद्या दिवशी १५ फुटांचे तीन पडतात आणि माणूस आकाशात असतो. हँडिकॅपचंच बघा ना, २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्येही शेवटचे २० स्कोअर घेऊन त्यातले उत्तम ८ धरतात, एक-दोन राउंडवरून कोणी काही ठरवत नाही. सेन्सरलाही तोच न्याय लावा. वर्षाला सहा-सात राउंड खेळणाऱ्याला पुरेसे आकडे जमेपर्यंत तीन वर्षं जातील, तोवर स्विंगच बदललेला असेल, त्याने हा खर्च करू नये असं माझं सरळ मत आहे. नवशिक्यानेही करू नये, जो अजून तीनातला एक फटका जमिनीवरून घसपटत नेतो त्याला कुठे फटके जातात हे कळायला यंत्र नको, सगळीकडेच जातात, आणि तिथे शिकवणाऱ्याकडे चार तास घालवले तर जास्त फळ मिळेल. सगळ्यात जास्त फायदा मला वाटतं मधल्यांना, जे नियमित खेळतात, हँडिकॅप बरेच दिवस एका जागी अडकलाय, आणि का अडकलाय ते कळत नाहीये.

स्पर्धा खेळत असाल तर गोल्फच्या नियमांतला नियम ४.३ एकदा वाचून ठेवा. २०१९ पासून अंतर मोजायचं यंत्र वापरायला सरसकट परवानगी आहे, स्पर्धेच्या स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर. पण चढ-उतार मोजणं, वारा मोजणं, आणि तुमच्या बॉलच्या जागेवरून "हा क्लब मार" असा सल्ला यंत्राकडून घेणं हे राउंड चालू असताना चालत नाही. पहिल्यांदा चुकलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन फटक्यांची पेनल्टी, मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचं असतं) ते होल गेलं, आणि दुसऱ्यांदा चुकलात तर थेट बाद. गंमत अशी की या ॲपची जाहिरात नेमकी याच गोष्टीची असते, चढ धरून, वारा धरून अंतर आणि कुठला क्लब घ्यायचा तेही. स्पर्धेच्या आदल्या रात्री ते सगळं बंद करा, पहिल्या टीवर गडबडीत राहून जातं. फटके नोंदवत राहायला हरकत नाही, आणि घरून स्वतःची अंतरं कागदावर लिहून आणली तर तेही चालतं.

वजनाची भीती बरेच जण घालतात, की ग्रिपच्या टोकाला काही ग्रॅम वाढले म्हणजे क्लबचा तोल बदलतो. मोजमापात बदलतो, हो. पण वजन हाताच्या अगदी जवळ असतं त्यामुळे मला चार स्विंगनंतर काही जाणवलं नाही. पटरबाबत (पट मारायच्या क्लबबाबत) मात्र काही जणांना खटकतं, विशेषतः जे ग्रिप अगदी टोकाला धरतात त्यांना तो फुगवटा तळहाताला लागतो.

त्यापेक्षा पैशांच्या बाजूचा एक मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. काही कंपन्या एकदाच पैसे घेतात, काहींचे सेन्सर घेतल्यावर दरवर्षी वर्गणी भरावी लागते, आणि वर्गणी थांबली की यंत्र फक्त ग्रिपला लावलेलं बूच उरतं. शॉट स्कोप एकदाच घेण्यातला, आर्कोस वर्गणीवाला. दोन्ही पद्धतीत वाईट काही नाही पण घेताना तीन-चार वर्षांचा एकूण हिशोब करा, आणि आपले आकडे फाइलमध्ये बाहेर काढता येतात का ते बघा, नाहीतर चार वर्षांचा तुमचाच खेळ दुसऱ्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्याकडे. फोन खिशात ठेवून खेळावं लागणार असेल तर तेही आधी करून बघा, मला स्विंगमध्ये फोन मांडीला टोचतो म्हणून मी घड्याळाकडे गेलो, त्याचा मनगटाला पट्टा लागतो ही तक्रार वेगळीच.

आणि काही न घेताही हे बरंचसं करता येतं. स्कोअरकार्डाच्या मागच्या बाजूला प्रत्येक फटक्याला एक ओळ: किती अंतर उरलंय, बॉल कशावर आहे (टी, फेअरवे, रफ, बंकर, ग्रीन), क्लब कुठला. "४०० टी ड्रा, २०० फे ३वू, ४० फे एसडब्ल्यू, २०फू ग्री प, ३फू ग्री प." (ड्रा म्हणजे ड्रायव्हर, ३वू म्हणजे ३ वूड, एसडब्ल्यू म्हणजे सँड वेज, प म्हणजे पटर.) एवढंच. पेन्सिलीने, चालता चालता. अंतर कोर्सवरच्या खुणांवरून, ग्रीनवर पावलांनी. घरी येऊन वर दिलेल्या पद्धतीने वजाबाकी करायची, टूरचे तक्ते सहज मिळतात. वेळ जातो, पण ग्रीनवरचे आकडे सेन्सरपेक्षा चांगले निघतात. माझा सल्ला विचाराल तर आधी पाच राउंड असे लिहून काढा. पाचव्या राउंडलाही लिहीत असाल तर सेन्सर घ्या, तुमचा निम्मा त्रास तो वाचवेल आणि तुम्ही तो वापराल. दुसऱ्याच राउंडला सातव्या होलनंतर कार्डाची मागची बाजू कोरी असेल, तर सेन्सर लावल्यावरही तुमचं ॲप सातव्या होलपाशीच थांबणार आहे.